इग्नूच्या एमएला नवीन असशील तर आधी हे गणित समजून घे

अरे, असाइनमेंटला 80 पडले म्हणून आता टेन्शन नाही असं म्हणालास ना, तिथेच मी पण फसलो होतो. एमएला असाइनमेंटचं (घरी लिहून जमा करायच्या उत्तरांचं) वजन 30 टक्के आणि टर्म एंडचं, म्हणजे सत्राच्या शेवटच्या पेपराचं, 70 हे खरं, पण नुसती बेरीज करून पास होत नाही. दोन्हीत वेगवेगळे 100 पैकी 40 हवेत. म्हणजे बघ, तुझे असाइनमेंटला 80 आणि पेपरात 38, तर 24 अधिक 26.6, झाले 50.6, दिसायला मस्त, पण त्या कोर्सात नापास! माझंही असंच झालं, दोन मार्कांसाठी परत फी भरली आणि म्हापशाहून बसने परत पेपराला. बरं, असाइनमेंटचे मार्क वाया जात नाहीत, ते तसेच राहतात, फक्त पेपर परत द्यायचा.

उलट पण तसंच हां, पेपरात 65 आणि असाइनमेंट दिलीच नाही, तर कोर्स लटकला, मग नवीन सत्राचे प्रश्न घेऊन परत लिहा. आणि डिसेंबरचा पेपर द्यायचा असेल तर चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच असाइनमेंट लिहून टाक, एकदा गणपतीवरची माटोळी (फळाफुलांची सजावट) बांधायला घेतली की कोण लिहितोय! जमा केल्याची पोच सांभाळून ठेव, फोटो पण काढ.

बीएला 35 वर पास होतं म्हणे कोणी सांगितलं तर ते बीएचं, तुझं 40च.