‘ऋण पूर्वग्रह’ की ऋण बायस?

प्रश्न असा आहे : एका भाषांतरात ‘एफईटीच्या गेटला ऋण पूर्वग्रह द्यावा’ असं छापलंय, ते चालेल का? (एफईटी म्हणजे फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर; त्याच्या सोर्स आणि ड्रेन या दोन टोकांमधल्या वाटेतून, म्हणजे चॅनेलमधून, जाणारा प्रवाह गेट हे तिसरं टोक आवरतं.) आणि सेल्फ-बायसमध्ये गेट तर ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बिंदूला असतं, मग त्याला ऋण कसं म्हणायचं?

‘पूर्वग्रह’ अजिबात नको, तो माणसाच्या मनात असतो. बायसचा मूळ अर्थ तिरकेपणा, शिंपी ज्याला उरेब म्हणतात तो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये बायस म्हणजे सिग्नल येण्याआधीच लावून ठेवलेला स्थिर डीसी व्होल्टेज. ‘अभिनती’ हा पारिभाषिक शब्द आहे, पण प्रयोगशाळेत सगळे ‘बायस देणे’च म्हणतात. तेच लिहावं.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंमधला असतो, म्हणून ‘गेटला उणे २ व्होल्ट’ हे वाक्य ‘सोर्सच्या तुलनेत’ या शब्दांशिवाय अर्धवट राहतं. एन-चॅनेल जेएफईटी (जंक्शन प्रकारचा एफईटी) घ्या : आयडीएसएस, म्हणजे गेट आणि सोर्स सारख्याच व्होल्टेजवर असतानाचा ड्रेनचा प्रवाह, १० मिलिअँपिअर; पिंच-ऑफ, म्हणजे ज्या गेट-सोर्स व्होल्टेजला प्रवाह बंद पडतो तो, उणे ४ व्होल्ट. गेट सोर्सपेक्षा २ व्होल्ट खाली असेल तर चॅनेल अरुंद होऊन प्रवाह चौथाई उरतो, म्हणजे २.५ मिलिअँपिअर. सोर्सखाली ८२० ओहमचा रेझिस्टर टाकला की हाच प्रवाह सोर्सला साधारण २ व्होल्ट वर उचलतो. गेट १ मेगओहममधून ग्राउंडला, म्हणजे शून्यावर. सोर्स वर गेला, म्हणून गेट ऋण झालं. वेगळी ऋण बॅटरी लागत नाही. ‘सेल्फ’चा अर्थ एवढाच.

सप्लाय १२ व्होल्ट आणि ड्रेनला २.२ किलोओहम असेल तर ड्रेनवर ६.५ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. १ मेगओहमचा रेझिस्टर विसरला तर गेट तरंगतं आणि ड्रेनचा व्होल्टेज भरकटतो. ८२० ओहमला समांतर कपॅसिटर नसेल तर गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) साडेपाचवरून दोनच्याही खाली येतो. एकाच नंबरच्या दोन एफईटींचा आयडीएसएस दुप्पट-तिप्पट वेगळा निघू शकतो, म्हणून सोर्स रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजूनच त्याचे ओहम पक्के करावेत.

एक अपवाद भाषांतरकारांनी जरूर लक्षात ठेवावा. एन-चॅनेल एन्हान्समेंट मॉसफेट हा एफईटीचाच दुसरा प्रकार, पण गेटला व्होल्टेज दिल्याशिवाय तो बंदच असतो. त्याला बायस धन लागतो आणि तो सहसा दोन रेझिस्टरच्या डिव्हायडरने देतात. तिथे सवयीने ‘ऋण बायस’ लिहिलं तर वाचणाऱ्याचा मॉसफेट चालूच होणार नाही.