ते सेटिंग आधी बंद कर

पोरी,

रविवारी जिना उतरता उतरता तू म्हणालीस, "काकू, सर खरंच चांगले आहेत हो. मीच जरा जास्त विचार करते." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. समोर बोलले असते तर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे.

क्लासच्या त्या सरांच्या चांगुलपणाचा सगळा हिशोब तू मला दिलास. अभ्यासिकेची दोन महिन्यांची फी त्यांनी भरली. पूर्वपरीक्षा हुकली त्या रात्री फक्त त्यांचा फोन आला. दिवाळीत वाट वाकडी करून परभणीला तुमच्या घरी गेले, आईच्या हातची भाकरी खाल्ली, बाबांना वाकून नमस्कार केला. आणि या सगळ्याच्या मध्ये तू एक गोष्ट घाईघाईने बोलून गेलीस. त्यांचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज चोवीस तासांनी आपोआप पुसले जातात. ते सेटिंग त्यांनीच तुझा फोन हातात घेऊन लावून दिलं. का, तर "बाकीच्या मुली उगाच जळतात."

बाकीचं सगळं बाजूला ठेव. लपव म्हणाला, तिथेच थांबायचं. फी भरणारा माणूस चांगला असू शकतो, घरी येऊन जेवणाराही असू शकतो. पण चांगल्या माणसाला आपला चांगुलपणा चोवीस तासांत पुसावा लागत नाही.

तू म्हणशील, आमच्याकडे काय लपवावं लागत नाही? वर्गातल्या मुलाशी दोन शब्द बोललं तरी घरी लपवतो. खरं आहे, आणि ते तसं आहे याचा दोष आम्हा मोठ्यांचा आहे. पण फरक बघ. बरोबरीच्या पोराशी तुझं काही असतं तर घरी कळलं नसतं, पण खोलीतल्या लातूरच्या मैत्रिणीला पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. ती तुला चिडवत बसली असती. सरांचं तिलाही माहीत नाही. पूर्वी तुम्ही दोघी मेसला बरोबर जायचात, आता तू एकटी जातेस, कारण सर म्हणाले की ती तुझा अभ्यास बुडवते. आईबापांपासून लपवणं एक वेळ मी समजू शकते. जिच्या कॉटला लागून तुझी कॉट आहे, तिच्यापासूनही लपवायला कुणी लावलं, तर त्याला तू एकटी हवी आहेस.

अशी माणसं सुरुवातीला कधीच अंगचटीला येत नाहीत. आधी बघतात कोण एकटी आहे, कुणाच्या घरून पैसे वेळेवर येत नाहीत, कोण नापास होऊन रडते आहे. मग लहानशी परीक्षा घेतात. रात्री साडेअकराला एक मेसेज, कधी खांद्यावर जरा जास्त वेळ राहिलेला हात. त्यावर तू काय म्हणतेस याची त्यांना फारशी पर्वा नसते. तू ते कुणाला सांगतेस का, एवढंच बघायचं असतं. सांगितलं नाहीस की पुढची पायरी. मग स्वतःचं दुःख सांगतात, बायको समजून घेत नाही म्हणतात, आणि तू त्यांची राखणदार होतेस. शेवटी तुझ्याच मौनाचा पुरावा तुझ्यासमोर धरतात: इतके दिवस बोलली नाहीस, म्हणजे तुलाही चाललंच होतं की. घरच्यांचा विश्वास तर आधीच जिंकून ठेवलेला असतो. उद्या तू तोंड उघडलंस तर पहिला प्रश्न आईच विचारेल, "अगं, ते? ते तर देवमाणूस." भाकरी खायला वाट वाकडी करतात ती त्यासाठी.

हे मला कसं माहीत, ते आता सांगते. मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

१९९४ साली जळगावचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी खानदेशातल्या एका मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होते. मुलींना आमिषं दाखवून जवळ केलं, फोटो काढले आणि त्या फोटोंच्या धाकावर छळलं. आरोपींत स्थानिक राजकारणातली माणसं होती. मीरा बोरवणकरांसारख्या पोलीस अधिकारी तपासाला होत्या, तरी मुली साक्षीला पुढे येईनात आणि पुढे बरेच आरोपी सुटले. गावात चर्चा कशाची होती, तर कुठली मुलगी कुणाची, कोणत्या आळीतली. पुरुषांबद्दल कुणी एवढ्या चवीने बोलत नव्हतं. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी अजमेरमध्ये हेच झालं होतं. एका मुलीचे फोटो काढायचे आणि त्या भीतीवर तिलाच मैत्रिणीला घेऊन यायला लावायचं. तिथल्या सहा जणांना जन्मठेप झाली ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये. बत्तीस वर्षं! शाळा-कॉलेजातल्या त्या मुली तोवर चाळिशी-पन्नाशीला आल्या होत्या.

आणि मी त्या १९९४ मध्ये काय केलं? फाटक आठला बंद करायला लागले.

बाहेर जाताना कारण लिहायची एक नोंदवही होती, लाल पुठ्ठ्याची. बी.एस्सी.च्या एका मुलीने सलग सात शनिवारी लिहिलं होतं, "मावशीकडे." सातही वेळा तेच वळणदार अक्षर, फक्त शेवटच्या दोन वेळी पेन इतका दाबलेला की पुढच्या पानावर वळ उमटले होते. ते वळ मी पाहिले. सातव्या शनिवारी ती पावणेनऊला आली आणि फाटकाशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय." मी म्हटलं, "उद्या वडिलांसमोर सांग." वडील आले आणि तिला घेऊन गेले. त्याच वर्षी तिचं लग्न लावून दिलं. तिला मावशी नव्हतीच, ती कुणाकडे जात होती, तो माणूस काय करत होता, हे मला वर्षभराने तिच्या मैत्रिणीकडून कळलं. ती सांगायला आली होती, आणि सांगण्याची किंमत मी इतकी वाढवून ठेवली की तिला परवडली नाही.

त्यानंतर मी ती वही बंद केली. उशिरा आलेल्या मुलीला आधी जेवायला वाढायचं, विचारायचं सकाळी, आणि घरी न कळवता. संस्थेतल्या लोकांना ते पटलं नाही. मुली शेफारतील म्हणाले, माझी बढती दोनदा अडवली. अडवू देत. पुढच्या एकोणीस वर्षांत किती मुली रात्री माझ्या दारावर टकटक करून गेल्या ते मला माहीत आहे. तुला सगळीकडे लांडगेच दिसतात, असं माझी सख्खी बहीणसुद्धा म्हणते. दिसतात. एकदा न दिसल्याचं काय झालं ते मी पाहिलंय.

म्हणून आता ऐक, आणि "पण काकू" म्हणू नकोस. आत्ता जे मेसेज उरले आहेत त्यांचे स्क्रीनशॉट काढ आणि मला पाठव. मग ते सेटिंग बंद कर. ते दोघांपैकी कुणालाही बंद करता येतं, आणि बंद केल्याची ओळ त्यांनाही दिसते. ती दिसू देच. चांगला माणूस असेल तर त्याला काही फरक पडणार नाही. रुसला, रागावला, "माझ्यावर विश्वास नाही का" म्हणाला किंवा फीची आठवण करून दिली, तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यानेच दिलं. फीचे पैसे मी देते, तू मला नोकरी लागल्यावर दे. तेवढ्यासाठी त्याच्या ओझ्याखाली राहू नकोस.

पुढची वेळ आलीच तर तेही माहीत असू दे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा शिकवणी वर्गांनाही लागू आहे, आणि तिथे शिकणाऱ्या मुलीलाही तक्रार करता येते. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत. फोटोची धमकी आली तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. पैसे द्यायचे नाहीत, भेटायला जायचं नाही. पोलीस ठाणं कुठलंही चालतं, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. मी बरोबर येईन, आणि तुझ्या घरी तू म्हणेपर्यंत एक शब्द कळणार नाही.

पण हे सगळं नंतरचं. आज रात्री लातूरच्या मुलीला गच्चीवर घेऊन जा आणि सगळं सांग. ती आधी चिडेल, इतके दिवस का बोलली नाहीस म्हणून. चिडू दे. मग दोघी मिळून मला फोन करा, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
काकू