बाईंसारखे व्हायचे, म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातली, 21 वर्षांची, डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. माझे आईवडील ऊसतोडीला जात. मी तिसरीत असताना दिवाळीआधी आमच्या बाई वस्तीवर आल्या आणि मला आजीजवळ ठेवायला त्यांनी वडिलांना राजी केले. त्या आल्या नसत्या तर माझी शाळा तेव्हाच सुटली असती. त्यांच्यासारखीच शिक्षिका व्हायचे, हे मी तेव्हाच ठरवले. आता आंतरवासितेत, म्हणजे प्रत्यक्ष वर्गावरच्या सरावात, शहरातल्या एका शाळेत मी वजाबाकीचा पाठ अगदी बाईंच्या पद्धतीने, त्यांचीच आठवडी बाजाराची गोष्ट सांगून घेतला. मुले हसली आणि मार्गदर्शक मॅडमनी वहीत शेरा लिहिला, ‘हा पाठ तुमचा वाटत नाही.’ बाई स्वतःच्या पगारातून आम्हाला वह्या आणत, तसेच मलाही करायचे आहे. पण त्या प्रसंगी छडीही वापरत, आणि हे मी इथे कुणाजवळ बोलू शकत नाही. त्यांची पद्धत सोडली तर मी कृतघ्न ठरेन का?
– बाईंची विद्यार्थिनी

उत्तर : मॅडमचा शेरा तुम्हाला बाईंचा अपमान वाटला, हे पत्राच्या ओळीओळीतून जाणवते. मला तो तसा वाटत नाही. तुमचा पाठ फसला तो बाईंची पद्धत वापरली म्हणून नव्हे, तर ती अर्धीच वापरली म्हणून.

आठवडी बाजाराची गोष्ट बाईंच्या वर्गात का रंगत असे, याचा विचार करून पाहा. समोरची मुले आईबरोबर त्या बाजाराला जात होती, सुट्या पैशांचा हिशेब त्यांनी पाहिलेला होता, आणि बाईंना हे ठाऊक होते, कारण त्या वस्तीवर जात, घरात बसत, चौकशी करत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळ्या कारखान्याकडे निघाल्या की मुलांची नावे पटावर तेवढी उरतात, हे ओळखून त्या आधीच घरोघरी पोहोचत. मूल कुठून येते आणि कशामुळे अडते हे आधी जाणून घ्यायचे आणि मग शिकवायचे, ही त्यांची पद्धत होती. गोष्ट हा तिचा शेवटचा, वरवर दिसणारा भाग होता आणि तेवढाच तुम्ही उचललात. शहरातल्या त्या वर्गात मुले बाजाराला जातात का, घरी पैसे हाताळतात की मोबाइलवरच व्यवहार पाहतात, हे तुम्ही विचारले होते का? पत्रात तरी तसे काही दिसले नाही.

पुढच्या पाठाचे टाचण लिहिण्याआधी त्या मुलांच्या वह्या मागून घ्या. 402 मधून 178 वजा करताना एखाद्याने 376 लिहिलेले सापडले, तर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारून पुढे जाऊ नका. त्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. त्याच्या परीने त्याने एक नियम नीट पाळला आहे, फक्त हातचा कशासाठी घ्यायचा हे त्याला उमगलेले नाही, आणि मधल्या शून्यापाशी तर मोठी मुलेही अडखळतात. अशा मुलासमोर काड्यांचे गठ्ठे ठेवून शतकाचा गठ्ठा त्याच्याच हाताने सोडवून घेतला, तर गोष्ट सांगितली काय किंवा न सांगितली काय, पाठ तुमचा होईल.

गुरूकडून घेतलेले बदलून वापरण्यात कृतघ्नपणा नसतो, याचे ठळक उदाहरण आपल्याकडेच आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी गुजरातेत भावनगरला बालशिक्षणाचे काम करणाऱ्या गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करताना साधने हाताळत शिकण्याची माँटेसरी पद्धत आत्मसात केली. पुढे 1945 साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम सुरू झाले, तेव्हा ती महागडी साधने तिथे निरुपयोगी होती. म्हणून खडे, शिंपले, पाने, बिया ही साधने झाली. मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी हे नाव मिळाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. या सगळ्यात ताराबाईंना साथ देणाऱ्या आणि त्यांच्या पश्चात 1992 पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, ते काम वाढवणाऱ्या अनुताई वाघ मुळात पुण्यात शिक्षिका होत्या. ताराबाईंना गुरू मानूनही त्या ताराबाईंची नक्कल झाल्या नाहीत. माँटेसरीबाईंचे मूळ सूत्र, म्हणजे मुलाने स्वतःच्या हाताने करून शिकावे, हे मात्र कुठेही सुटले नाही.

आता छडीबद्दल. इथे मी आडपडदा ठेवणार नाही. शिक्षण हक्क कायद्याचे 17 वे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. तो कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, म्हणजे तुमच्या वयाचा हिशेब केला तर तुम्ही तिसरीत होता तेव्हाही तो लागू होता. ‘त्या काळी चालायचे’ ही पळवाट म्हणूनच आपल्याला उपलब्ध नाही. बाईंनी तुमची शाळा वाचवली हे खरे आणि त्यांनी मुलांना मारायला नको होते हेही खरे. या दोन वाक्यांपैकी एक खोडल्याशिवाय दुसरे लिहिता येत नाही, असे तुम्हाला वाटते आहे, आणि माझ्या मते तुमच्या अस्वस्थतेचे मूळ तिथेच आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी छडीने मूल चूक लपवायला शिकते. वहीतले ते 376 मग तुमच्या नजरेलाच पडणार नाही. एवढे स्वतःशी कबूल करून छडी मागे ठेवलीत, तर बाईंचे ऋण तसूभरही कमी होत नाही.

वह्यांचे म्हणाल, तर थोडे थांबा. शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी), अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचे पवित्र पोर्टल हे सगळे पार पडून नेमणूक मिळाली, तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात आणि 2023 पासून प्राथमिक स्तरावर त्याचे मानधन महिना 16,000 रुपये आहे. त्यातून घरी पैसे पाठवायचे आणि वर्गाला वह्याही आणायच्या, असा संकल्प आतापासून करू नका. शाळा व्यवस्थापन समितीपुढे मागणी ठेवून ती मान्य होईपर्यंत पाठपुरावा करणे हेही शिक्षकाचेच काम आहे, आणि तुमची बदली झाल्यावरही त्या शाळेत वह्या येत राहतील.

बाई हयात असतील आणि जाणे शक्य असेल, तर सुट्टीत त्यांना भेटा, पण नुसत्या पाया पडून परत येऊ नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांचे कोणते पाठ फसले, किती घरांतून त्यांना नकार मिळाला, वडील ऐकत नसतील तेव्हा त्या आईशी बोलत की आजीशी, गेलेली मुले मार्च-एप्रिलमध्ये परतली की त्यांना कुठून शिकवायला सुरुवात करत, हे सगळे विचारा आणि लिहून घ्या. धीर झाला तर छडीविषयीही विचारा. त्या काय उत्तर देतील याचा अंदाज आधीच बांधू नका. आणि मॅडमचा शेरा असलेली ती वही सोबत न्या, बाईंनाही ती वाचू द्या.