"मंग कानातून काढा नं, बाबा!"

गंमत म्हणून घरात दाखवलेल्या जादूबद्दल पालक मला बरेचदा विचारतात, "ही हातचलाखी आहे हे पोराला कळलं तर त्याचा आपल्यावरचा भरवसा उडेल का? आणि शिकवली तर तो लोकांना फसवायला लागेल का?" यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

घर कोरडवाहू शेतीचं, कापूस नि तुरीचं. मुलगा दुसरीत. तो रांगत होता तेव्हापासून वडील संध्याकाळी ओसरीवर बसून त्याच्या कानामागून रुपया काढून दाखवायचे. तेच वडील माझ्यासमोर मान खाली घालून सांगत होते, "पोट्टा माह्याशी बोलतच नाही, मॅडम. मी घरात आलो का भिंतीकडं तोंड करून झोपते."

झालं होतं असं. शाळेची सेवाग्राम-पवनारची सहल निघाली. घरात कापूस छताला टेकलेला, पण भाव पडलेला म्हणून विकलेला नाही, हातात पैसा नाही. वडील नाही म्हणाले. मुलगा म्हणाला, "मंग कानातून काढा नं, बाबा!" दिवसभर आधीच वैतागलेले वडील ओरडले, "ते सारं खोटं असते!"

खोटेपणा उघडा पडला म्हणून पोरगा रुसला, अशी दोघांचीही समजूत. आईचं म्हणणं, जादूबिदू बंदच करून टाका.

मुलाशी मी एकट्याशी बोलले. बराच वेळ तो नुसता पाटीवर बैल काढत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "बाबाले काढता येते. माह्यासाठी काढत नाहीत."

म्हणजे जादूवरचा विश्वास जागेवरच होता. बापाकडे पैसा आहे आणि तो आपल्याला देत नाही, हे त्याच्या मनाला लागलं होतं. आपण पालक मुलाच्या रागाचं कारण स्वतःच ठरवून टाकतो, त्याला विचारायचं राहून जातं. साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी मुलांना उमगू लागतं की समोरच्याच्या मनात चुकीची समजूतही असू शकते. जादूतली युक्ती कळण्याची सुरुवात तिथून होते. पण सातव्या वर्षीही, आपल्या बापाच्या हातात काही खास नाही, हे मानणं सोपं नसतं.

वडिलांना मी म्हटलं, समजावून सांगू नका, शिकवा.

पुढच्या वेळी दोघं माझ्यासमोर सतरंजीवर बसले. वडिलांनी नाणं उजव्या हाताच्या बोटांत धरलं, डाव्या हातात दिल्यासारखं केलं आणि उजव्यातच दाबून ठेवलं. "आता रिकाम्या हाताकडं पाह्य. तू जिकडं पाह्यशील, लोकं तिकडंच पाह्यतात." सारी जादू या नजरेत असते. पोराच्या इवल्या तळहातात नाणं मावेना, खणकन खाली पडे. चार-पाचदा पडल्यावर तो हसला, आणि एकदम थांबून विचारलं, "मंग तो रुपया कोणाचा होता?"

"माहाच. खिशातला."

"रोज?"

"हाव. रोज."

मग वडिलांनी त्याला सहलीचा हिशेब सांगितला. कापूस विकला नाही, म्हणून पैसे नव्हते. एवढंच. मुलानं ऐकून घेतलं. सहल बुडाल्याचं दुःख राहिलंच, ते मी पुसायला गेले नाही.

वडिलांना त्या दिवशी स्वतःचं लहानपण आठवलं. त्यांचे वडील खळ्यावर तुरीचा दाणा गायब करून दाखवत. एकदा यांनी दुसऱ्या मुठीतला दाणा पकडला. म्हाताऱ्यानं न रागावता तोच दाणा यांच्या हातावर ठेवला, "आता तू दाखव." सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता.

आईची भीती खोटी नव्हती. महिन्याभरात पोरानं त्याच युक्तीनं मित्राचे कंचे, म्हणजे गोट्या, लंपास केले. त्यावर घरात नियम झाला: जादू दाखवायची, तिच्यातून घ्यायचं काही नाही. कंचे परत गेले. ही रेघ मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे ती ओलांडणारे बुवा गावोगाव फिरतात. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं की थोड्या वेळानं आपोआप जाळ होतो. हळदीत चुना मिसळला की लाल रंग येतो. यालाच मंत्राची ताकद म्हणून पैसे उकळले जातात. चमत्काराच्या नावाखाली अशी फसवणूक करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलं आहे. ज्या पोरानं बापाकडून एक तरी युक्ती हातानं शिकलेली असते, ते बुवाचा दुसरा हात बघायला शिकतं.

मूल बरेच दिवस गप्प राहिलं, जेवण-झोप बिघडली, शाळा नको म्हणू लागलं, तर मात्र जादूच्या पलीकडे काही आहे असं समजून जवळच्या रुग्णालयातल्या समुपदेशकाला जरूर भेटा.

निघताना वडिलांनी धाकटीबद्दल विचारलं. ती चार वर्षांची, तिलाही रोज कानामागून रुपया हवा असतो. मी सांगितलं, जादू दाखवा, विचारलं तर युक्तीही सांगा. फक्त रुपयाच्या जागी तुरीचा दाणा घ्या.