ग्रेनला ग्रॅम समजलात की पुढचं सगळं गणित चुकतं

वेदनाशामकांच्या इतिहासावरच्या लेखासाठी तुम्ही केलेलं कोष्टक पाहिलं. त्यात एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्यांच्या १७६३ च्या पत्रातली विलोच्या (वाळुंजाच्या जातीचं झाड) सालीची मात्रा '२० ग्रॅम, दर चार तासांनी' अशी आहे, आणि 'म्हणजे ॲस्पिरिन तेव्हाही होतंच ना?' असा तुमचा प्रश्न आहे. ती मात्रा २० ग्रेन (वजनाचं जुनं इंग्रजी एकक) आहे. एवढी दुरुस्ती केली की प्रश्नाचं उत्तरही मिळतं.

१ ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, म्हणून २० ग्रेन म्हणजे जेमतेम १.३ ग्रॅम. सालीत सॅलिसिन (विलोतलं कडू द्रव्य, शरीरात त्याचं सॅलिसिलिक आम्ल होतं; ॲस्पिरिनपासूनही तेच आम्ल मिळतं) १ टक्का धरा (पांढऱ्या विलोत ते बहुधा त्याहून कमीच असतं). एका पुडीत १३ मिलिग्रॅम सॅलिसिन आलं. त्याचं पूर्ण रूपांतर झालं तरी वजनाने ४८ टक्केच सॅलिसिलिक आम्ल मिळतं, कारण रेणुभार २८६ वरून १३८ वर येतो. दिवसाच्या सहा पुड्या मिळून ३८ मिलिग्रॅमसुद्धा होत नाही. ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनच्या एका गोळीतून जवळपास २५० मिलिग्रॅम मिळतं.

आता हेच २० ग्रॅम धरून करा. दिवसाला १२० ग्रॅम साल, १.२ ग्रॅम सॅलिसिन, ५८० मिलिग्रॅमच्या आसपास सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे दोन गोळ्यांहून थोडं जास्त. चुकीचं उत्तर अगदी पटण्यासारखं येतं, म्हणूनच ही चूक पकडली जात नाही. माझे सर्वांत जास्त दिवस हिनेच खाल्ले. एका ग्रंथालयाच्या संदर्भ विभागाकडे मूळ पान मागितलं, तर त्यांनी 'सोयीसाठी' ग्रॅममध्ये बदललेला टंकलेला उतारा पाठवला. मूळ पान पुन्हा मागितलं, तर उत्तरच आलं नाही. तेव्हा टंकलेला उतारा कोणाकडूनही घेऊ नका, छापील पानाचं छायाचित्रच मागा.

पानावर नेमकं काय बघायचं? इंग्रजी 'जी आर' ही दोन अक्षरं आणि पुढे रोमन आकडे दिसले तर ते ग्रेन. त्या आकड्यांतला शेवटचा 'आय' बऱ्याचदा 'जे' असा लिहिलेला असतो, त्याला वेगळं अक्षर समजू नका. इंग्रजी ३ सारखं दिसणारं चिन्ह म्हणजे ड्रॅम, ६० ग्रेन. त्याच्या डोक्यावर आणखी एक आडवी वळणदार रेघ असेल तर औंस. औषधी औंस ४८० ग्रेनचा, बाजारातला ४३७.५ ग्रेनचा, त्यामुळे कोणता आहे ते ठरवल्याशिवाय गुणाकार करू नका. अफूच्या अर्काचे थेंब तर मिलिलिटरमध्ये बदलूच नयेत असं माझं मत आहे. अल्कोहोलमधल्या अर्काचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान पडतो, आणि अर्काची तीव्रताही कृतीप्रमाणे बदलायची. '३० थेंब' असेल तर तसंच लिहा.

स्टोन ही साल थंडी-तापासाठी देत होते, वेदनेसाठी नाही. तिची कडू चव सिंकोनाच्या (ज्यातून क्विनीन मिळतं ते झाड) सालीसारखी लागली, तिथून त्यांचा विचार सुरू झाला. त्यामुळे तुमच्या कोष्टकात 'साल', 'सॅलिसिन', 'सॅलिसिलिक आम्ल' आणि 'ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल' (म्हणजेच ॲस्पिरिन) असे चार वेगळे रकाने करा. रसायनशास्त्रज्ञ पिरिया यांनी सॅलिसिनपासून आम्ल मिळवलं ते १८३८ मध्ये. गेरहार्ट यांनी १८५३ मध्ये अशुद्ध स्वरूपात ॲसिटिल रूप तयार केलं, आणि बायर कंपनीतल्या हॉफमन यांची शुद्ध पदार्थाची नोंद १० ऑगस्ट १८९७ ची आहे. त्यांचे तिथलेच सहकारी आइशेनग्रून यांनी १९४९ मध्ये या कामावर आपला हक्क सांगितला. या शेवटच्या रकान्यात हॉफमन यांचं एकच नाव टाकणं मला अन्यायाचं वाटतं, दोन्ही नावं द्या.

जाता जाता: ३२५ हा विचित्र आकडाही ग्रेनमधूनच आलाय. ५ ग्रेन म्हणजे ३२४ मिलिग्रॅम.

वरचे सगळे हिशेब फक्त जुने कागद वाचण्यासाठी आहेत. मी डॉक्टर नाही, यावरून कोणी स्वतःची मात्रा ठरवू नये. सालीचा काढा तर मुळीच उकळू नका: झाडागणिक सॅलिसिनचं प्रमाण बदलतं आणि ॲस्पिरिन न सोसणाऱ्याला सालही बाधू शकते. लेखात ही ओळ मात्रेच्या आकड्याला लागूनच छापा, तळटीप कोणी वाचत नाही.