लॉकहीड कॉन्स्टेलेशन हे विमानच सदोष होतं का?

तुमचा प्रश्न असा: एअर इंडियाची ‘मलबार प्रिन्सेस’ आणि ‘काश्मीर प्रिन्सेस’ ही दोन्ही विमानं कॉन्स्टेलेशन जातीची, दोन्ही पडली, तर खोट विमानातच होती का?

खोट होती, पण सुरुवातीच्या काळात, आणि ती या दोन अपघातांत दिसत नाही.

अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीचं कॉन्स्टेलेशन प्रवासी सेवेत आलं 1946 च्या सुरुवातीला. त्याच वर्षी 18 जूनला न्यूयॉर्कहून लंडनला निघालेल्या अमेरिकी कंपनी पॅन अ‍ॅमच्या विमानाचं एक इंजिन पेटलं आणि चक्क गळून पडलं. केबिनमध्ये दाबाची हवा भरणारा सुपरचार्जर इंजिनावर चालायचा, त्याचा शाफ्ट तुटला होता. वैमानिकाने कनेक्टिकटमधल्या विलिमँटिकला विमान सुखरूप उतरवलं. प्रवाशांत लॉरेन्स ऑलिव्हिए आणि व्हिव्हियन ली हे नामवंत नट-नटी, त्यामुळे बोभाटा व्हायचा तो झालाच.

महिनाही लोटला नव्हता. 11 जुलैला पेनसिल्व्हेनियात रेडिंगजवळ टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं प्रशिक्षणाचं उड्डाण कोसळलं, सहापैकी पाच जण गेले. जनरेटरच्या तारांचा करंट विमानाच्या पत्र्यातून आरपार नेण्यासाठी एक बोल्टवजा स्टड बसवलेला असे. तिथे आर्किंग होऊन, म्हणजे विजेच्या ठिणग्या उडून, पत्र्यालगतचं इन्सुलेशन पेटलं. आग होती पुढच्या सामानाच्या कप्प्यात, पण कॉकपिटमध्ये धूर इतका दाटला की विमान सांभाळणंच अशक्य झालं. चारही इंजिनं धडधाकट असलेलं विमान एका स्टडपायी गेलं! दुसऱ्याच दिवसापासून सगळी कॉन्स्टेलेशन जमिनीवर आणली गेली आणि सहा आठवडे प्रवासी घेऊन उडाली नाहीत. तेवढ्यात स्टडची रचना बदलली, आगीची सूचना देणारी यंत्रणा सुधारली.

इंजिनाचं दुखणं मात्र इतक्यात जाणारं नव्हतं. राइट कंपनीचं आर-3350, 18 सिलिंडरचं. युद्धात बी-29 बॉम्बरवरही हेच इंजिन होतं आणि तिथेही ते तापून पेट घेण्यासाठी बदनाम होतं. जून 1947 मध्ये कराचीहून इस्तंबूलला चाललेलं पॅन अ‍ॅमचं कॉन्स्टेलेशन इंजिनाला आग लागून सीरियात पडलं, अनेक जण गेले. चार इंजिनांच्या या विमानाला लोक ‘जगातलं सगळ्यात उत्तम तीन इंजिनांचं विमान’ म्हणायचे. विनोद क्रूर आहे, पण एक इंजिन बंद ठेवून मुक्काम गाठणं तेव्हा खरंच नेहमीचं होतं.

आता आपल्याकडचे अपघात. मुंबईकरांना सहसा ठाऊक नसलेला एक आधी सांगतो. 12 जुलै 1949 ला केएलएम या डच कंपनीचं ‘फ्रानेकर’ नावाचं कॉन्स्टेलेशन भर पावसात सांताक्रूझला उतरायला येत होतं. ढग खाली आलेले, आणि ते घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं. 45 च्या 45 गेले. त्यांत इंडोनेशियाच्या दौऱ्याहून परतणारे 13 अमेरिकी पत्रकार होते.

‘मलबार प्रिन्सेस’चं तसंच. 3 नोव्हेंबर 1950 ला जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना ते खराब हवेत माँ ब्लाँच्या कड्यावर आदळलं. 48 मृत्यू, त्यांतले 40 प्रवासी. बहुतेक सगळे इंग्लंडला बोटीवर रुजू व्हायला निघालेले भारतीय खलाशी. डोंगर दिसला नाही, इतकीच ती गोष्ट. तिथे दुसरं कुठलंही विमान असतं तरी आदळलंच असतं. 1966 मध्ये एअर इंडियाचं बोइंग 707 जवळपास त्याच जागी पडलं, ज्यात होमी भाभा गेले. ते तर जेट होतं.

‘काश्मीर प्रिन्सेस’ला अपघात म्हणूच नये, तो घातपात होता. 11 एप्रिल 1955 ला आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेला निघालेले चिनी प्रतिनिधी आणि काही पत्रकार घेऊन हाँगकाँगहून ते उडालं, तेव्हा उजव्या पंखाच्या चाकाच्या कप्प्यात टाइमबॉम्ब होता. नेम चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यावर होता, आणि ते त्या विमानात बसलेच नाहीत. पंख पेटलेला असताना कॅप्टन जठारांनी विमान नातुना बेटांजवळ समुद्रावर उतरवलं. 19 पैकी तिघे वाचले: दीक्षित, पाठक आणि मेंटेनन्स इंजिनिअर अनंत कर्णिक. त्यात लॉकहीडचा दोष काय शोधणार?

या जातीचा सगळ्यात दूरगामी अपघात 30 जून 1956 चा. ग्रँड कॅन्यनवर टीडब्ल्यूएचं सुपर कॉन्स्टेलेशन (याच विमानाची पुढची, लांब आवृत्ती) आणि युनायटेडचं डीसी-7 हवेत एकमेकांवर आदळली, 128 मृत्यू. दोन्ही विमानं हवाई वाहतूक नियंत्रण नसलेल्या आकाशात, ‘एकमेकांना बघा आणि चुकवा’ या भरवशावर उडत होती. 1958 मध्ये अमेरिकेत एफएए ही हवाई वाहतुकीची नियामक संस्था स्थापन होण्यामागे या टकरीचा मोठा वाटा होता.

पुढे एअर इंडियाची काही सुपर कॉन्स्टेलेशन हवाई दलाकडे गेली, पुण्याहून समुद्रावर टेहळणी करत राहिली, मग नौदलाकडे आली आणि 1980 च्या दशकात निवृत्त झाली. त्यांतलं एक गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात उभं आहे. गेलात तर त्याची तीन शेपटं मागून नीट पाहून घ्या. फोटोत त्यांचा आकार कळत नाही.