तुझ्या अंगातली जागल

बाबू,

परवा बाजाराच्या दिवशी तू ॲसिडिटीची गोळी मागायला आलास आणि मी तुझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. आकडा आला १४८ वर ९६. दहा मिनिटं पाठ टेकून बसवलं, पुन्हा घेतला, तरी फारसा उतरला नाही. तू म्हणालास, "मले टेन्शन-गिन्शन काही नाही मावशी, पोटातच आग होते." बाहेर चार माणसं उभी होती म्हणून मी गप्प बसले. पण तुझे खांदे पार कानापर्यंत चढलेले होते आणि बोलत नसतानाही तुझे दात आवळलेले होते. ते डोळ्यांपुढून जाईना, म्हणून हे पत्र.

तू हरभऱ्यात जागलीला जातोस. धुऱ्यावर सळसळ झाली, बॅटरी मारली आणि डुकरांचा कळप दिसला, की काय होतं ते आठव. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, थंडीतही तळहाताला घाम सुटतो. मेंदूनं नसांमधून निरोप धाडलेला असतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात, यकृत रक्तात साखर ओततं, पचन मागे पडतं आणि रक्त हातापायांकडे धावतं. काही मिनिटांत त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल येतं, ते ही तयारी टिकवून धरतं. डुकरं पळाली की मेंदूपासून पोटापर्यंत उतरलेली वेगस नस ठोके हळूहळू खाली आणते. तू शेकोटीपाशी बसतोस, डुलकी लागते. इथपर्यंत सगळं ठीक आहे, शरीर त्यासाठीच बनलंय.

पण सोसायटीचं कर्ज बॅटरी दाखवून पळत नाही. वडिलांचा लकवा उजाडलं म्हणून उतरत नाही. मग घरी खाटेवर पडलास तरी अंगातली जागल सुरूच राहते. कॉर्टिसॉल सकाळी उठताना सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असावं लागतं. ती घडीच विस्कटते. झोप तुटते, बीपी चढा राहतो, साखर वाढायला लागते, पोट बिघडतं. मोटारीची चाबी कुठं ठेवली ते आठवत नाही, कारण आठवणी जपणारा मेंदूचा भागही या कॉर्टिसॉलचा मार खातो. ब्रूस मॅक्‌ईवन नावाचे मेंदूशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९९३ मध्ये या झिजेला ॲलोस्टॅटिक लोड असं नाव दिलं. तू ज्यांना चार वेगळी दुखणी समजतोस, त्यांचं मूळ बहुतेक एकच आहे.

हे मी अंगावर काढलंय. २०१७ ला बोंडअळीनं आमची पऱ्हाटी खाल्ली, त्यात सासूबाई अंथरुणावर. सोयाबीन सोंगताना विळा बोटाला लागला. एवढीशी जखम, पण भरता भरेना. साखर तपासली, बरोबर होती. नंतर वाचलं की १९९५ मध्ये अमेरिकेत हे मोजून पाहिलं होतं: स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या बायकांची सारखीच छोटी जखम भरायला इतर बायकांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. मला रडू आलं. तीस वर्षं माझ्याकडे अशी माणसं यायची आणि मी त्यांना गोळी देऊन परत पाठवायचे. घरचं कसं चाललंय, हे विचारायला मी फार उशिरा शिकले.

तर ऐक. रोज जागलीला जाऊ नको. शेजारच्या वावरवाल्याशी बोल, एक रात्र तो, एक रात्र तू. कर्जाचा हिशेब रात्री डोक्यात घोळवू नको. दिवसा, कागदावर, आईला शेजारी बसवून कर. खर्रा खाल्ला की बरं वाटतं म्हणतोस, पण त्यातल्या तंबाखूचं निकोटीन तेच ॲड्रेनॅलिन पुन्हा सोडायला लावतं, ठोके वाढवतं. आणि निजताना दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष दे: घेताना मनात चार मोज, सोडताना सहा किंवा आठ. सोडलेला श्वास लांबला की वेगस नस कामाला लागते. पहिले काही दिवस काहीच वाटणार नाही, तरी कर.

एक गोष्ट मात्र आजच कर. फवारणीच्या औषधाचे डबे घरातून काढ आणि काकांच्या कोठीत कुलपात ठेव. तुझ्या मनात काही आहे असं मी म्हणत नाही. पण रात्री दोन वाजता मन कुठं जाईल ते कोणालाच सांगता येत नाही, आणि त्या वेळी हाताशी काही नसावं. मन तिकडे वळलंच, तर मला उठव, कितीही वाजले असोत. नाहीतर १४४१६ लाव. तो सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

छातीत दुखलं, हात जड पडला, तर माझी वाट न बघता सरळ ग्रामीण रुग्णालय गाठायचं. एरवी येत्या बाजाराला आधी माझ्याकडे ये. सलग तीनदा मोजू, मग डॉक्टरांकडे मी सोबत येते. येताना खर्रा आणि चहा नको, आकडा खोटा येतो. वडिलांच्या गोळ्यांची चिठ्ठीही आण, ती पण बघून घेईन.

तुझी,
मावशी